पार्सल वाटेत हरवलं, तर तोटा कुणाचा?

मैत्रिणींनो, या खेपेला मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रम इथून एका भगिनीचं चांगलं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी दोनदा बजावलंय, म्हणून छापत नाही. विवेकानंद आश्रमामुळे हे गाव तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. जानेवारीत विवेकानंद जयंतीचा उत्सव होतो, लाखो माणसं पंगतीला बसतात आणि पुरी-वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद ट्रॅक्टरमधून वाढला जातो. त्या दिवसांत गावात एकही घर पाहुण्यांवाचून नसतं. या बाईंकडेही माहेरची माणसं यायची होती. वहिनीची ओटी भरायला एक बरीशी साडी हवी, म्हणून त्यांनी दूरच्या शहरातल्या एका दुकानदाराकडून फोनवर फोटो पाहून साडी मागवली. साडीचे ४,७०० रुपये आणि ‘घरपोच’चे १५०, असे ४,८५० रुपये मोबाइलवरूनच आगाऊ भरले. पैसे भिशीचे होते. घरात सांगितलं होतं तीन हजार!

साडी आलीच नाही. उत्सव झाला, पाहुणे गेले, वहिनीची ओटी कपाटातल्या कोऱ्या ब्लाउजपीसवर भागवावी लागली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणतो, “ताई, आम्ही पार्सल कुरिअरला दिलं, आमची पावती आहे. पुढचं तुम्ही कुरिअरला विचारा.” कुरिअरवाला म्हणतो, “आमच्या मशीनवर माल पोचला असं दाखवतंय, आणि तक्रार ज्यानं पाठवलं त्यानं करायची असते.” यजमान म्हणतात, “एवढ्याशा पैशांसाठी कुणी कोर्टाची पायरी चढतं का?” आणि सासूबाई काय म्हणाल्या ते बाईंनी लिहिलेलं नाही, पण ते मी लिहिण्याची गरज नाही.

त्यांचा प्रश्न सरळ आहे. पैसे मी दिले, माल मला मिळाला नाही, तर माझे पैसे मला कुणी द्यायचे?

आता गंमत अशी, की दुकानदाराचं बोलणं अगदीच हवेतलं नाही. आपल्याकडे मालाच्या खरेदी-विक्रीचा जो मूळ कायदा आहे तो १९३० सालचा. तो इंग्रजांच्या १८९३ सालच्या कायद्यावर बेतलेला, आणि अजून चालू आहे. त्याच्या ३९व्या कलमात म्हटलंय, की गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून विकणाऱ्यानं माल वाहतूकदाराच्या हाती दिला, की तो गिऱ्हाइकालाच दिल्यासारखा झाला, असं प्रथमदर्शनी धरायचं. आणि २६वं कलम सांगतं, की माल ज्याचा झाला, जोखीमही त्याचीच. म्हणजे दुकानदारानं पार्सल कुरिअरच्या खिडकीत सरकवलं, त्याच क्षणी साडी तुमची झाली, आणि हरवली तर तुमची हरवली!

ऐकून राग येतो ना? पण हा कायदा झाला त्या वेळचा बाजार डोळ्यांपुढे आणा. मुंबईचा आडत्या कापडाच्या गाठी रेल्वेत चढवायचा आणि मलकापूरचा किंवा शेगावचा व्यापारी रेल्वेची पावती दाखवून त्या सोडवून घ्यायचा. दोन्हीकडे मुरलेले व्यापारी, दोघांनाही विमा ठाऊक. घराच्या ओसरीवर बसून एकच साडी मागवणारी बाई त्या कायद्याच्या स्वप्नातही नव्हती.

तरीसुद्धा ‘प्रथमदर्शनी’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण आपली सगळी वाट त्यातूनच जाते. प्रथमदर्शनी म्हणजे उलट काही ठरलेलं नसेल तर. ठरलं काय होतं, हे पाहायचं. या बाईंच्या मोबाइलमध्ये दुकानदाराचा संदेश आहे: ‘साडी ४७००, घरपोच १५०.’ घरपोच! ज्यानं घरपोच देण्याचे वेगळे पैसे घेतले, त्यानं माल कुरिअरच्या खिडकीत नव्हे, हिवरा आश्रमातल्या घराच्या दारात द्यायचं कबूल केलेलं आहे. कुरिअरवाला मग त्याचा माणूस झाला. म्हणून मैत्रिणींनो, मागवताना हा एक शब्द लिहून घ्यायला विसरू नका. नुसतं ‘पाठवून देतो’ आणि ‘घरपोच देतो’ यांत कायद्याच्या दृष्टीनं पुष्कळ अंतर आहे.

दुसरी गोष्ट त्याच ३९व्या कलमाच्या पोटात आहे, आणि दुकानदार ती कधी सांगत नाहीत. माल पाठवताना विकणाऱ्यानं वाहतूकदाराशी वाजवी, शहाणपणाचा करार केला पाहिजे. तो न केल्यामुळे माल हरवला किंवा खराब झाला, तर ‘वाहतूकदाराला दिला म्हणजे मला दिला’ हे मानायला गिऱ्हाईक नकार देऊ शकतं. या भगिनीनं हुशारीनं दुकानदाराकडून कुरिअरच्या पावतीचा फोटो मागवला. त्यावर पत्ता काय, तर ‘हिवरा, जि. बुलढाणा’. बस्स! बाईंनी कळवलेल्या पत्त्यात आश्रम होतं, तालुका मेहकर होता, पिनकोड होता. पावतीवर यांतलं काही नाही. आता हिवराच्या झाडावरून नाव पडलेली गावं विदर्भात आणि बाहेरही कितीतरी आहेत. आपल्याकडे पिनकोड १९७२ सालच्या १५ ऑगस्टला सुरू झाला तो याच घोटाळ्यासाठी, की एकाच नावाची दहा गावं आणि पत्ते निरनिराळ्या भाषांत लिहिलेले. ते सहा आकडे गाळून ज्यानं पार्सल सोडलं, त्यानं कसला वाजवी करार केला? इथे चूक सरळसरळ विकणाऱ्याची आहे, आणि आपली पावती आहे म्हणून तो जी नाचवतो आहे, तीच पावती त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे.

टपालानं आलेलं वाटेत असताना कुणाचं, हा वाद आपल्या महाराष्ट्रात थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तुमच्या आजीच्या घरात प्रभाकर कंदील असेल. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. ओगलेवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. ओगले ग्लास वर्क्सनं भारत सरकारला कंदील पुरवले, आणि बिलावर लिहिलं की पैसे चेकनं पाठवावेत. सरकारनं दिल्लीहून चेक टपालात टाकले. पुढे प्राप्तिकराचा प्रश्न निघाला, की कंपनीला पैसे मिळाले कुठे? दिल्लीला की औंधात? दिल्ली ब्रिटिश हिंदुस्थानात, औंध बाहेर, म्हणजे कराचा मोठाच फरक. १९५४ साली निकाल लागला तो असा: चेक टपालानं पाठवा असं ज्यानं सांगितलं, टपालखातं त्याचा प्रतिनिधी. म्हणून चेक दिल्लीच्या टपालात पडले तेव्हाच ते ओगल्यांना मिळाले. आता खटला कराचा होता, साडीचा नव्हे, पण यातून कायद्याची विचार करण्याची रीत कळते. वाहतूकदार कुणाच्या सांगण्यावरून, कुणासाठी काम करत होता? तो ज्याचा माणूस, वाटेतली जोखीम त्याच्याकडे झुकते.

आणि व्ही. पी.! पैसे पोस्टमनच्या हातात देऊन पार्सल सोडवायचं, ही सोय आपल्याकडे १८७७ सालापासूनची. तिथे हिशेब उलटा. रतलामच्या एका अत्तर आणि केशतेल विकणाऱ्या पेढीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९५९ साली म्हटलं, की व्ही. पी.च्या मालाचे पैसे वसूल करताना टपालखातं विकणाऱ्याचं प्रतिनिधी असतं. गिऱ्हाइकानं पैसे भरले तेव्हा माल त्याच्या ताब्यात येणार. तोवर वाटेत हरवला तर गिऱ्हाइकाचं काय गेलं? काहीच नाही. आजी-पणजी जी पुस्तकं, औषधं, सुवासिक तेलं व्ही. पी.नं मागवत, त्यात हा शहाणपणा होता. आज माल दारात आल्यावर पैसे देण्याची जी पद्धत आहे, ती तिचीच नात म्हणा. अनोळखी दुकान असेल तर माझं मत स्पष्ट आहे. दहा-वीस रुपये जास्त पडले तरी चालतील, पैसे दारात द्यावेत. आगाऊ पैसे भरणं म्हणजे दोरी दुसऱ्याच्या हातात देणं.

बरं, जुन्या कायद्याचं पुरे. बायकांच्या खऱ्या उपयोगाचा आहे तो ग्राहक संरक्षण कायदा. पहिला १९८६ साली आला, त्याच्या जागी २०१९ सालचा आला आणि २०२० सालच्या जुलैपासून अमलात आहे. दुकानात जाऊन घेतलं काय, फोनवरून मागवलं काय किंवा टीव्हीवर बघून मागवलं काय, तुम्ही ग्राहकच. पैसे घेतले आणि माल दिला नाही, तर ती सेवेतली उणीव. आयोगाला पैसे परत करायला लावण्याचा आणि वर नुकसानभरपाई देण्याचा अधिकार आहे. योगायोग असा, की तो अधिकारही या कायद्याच्या ३९व्याच कलमात आहे. एक एकोणचाळीस दुकानदाराचं, तर एक आपलं!

या भगिनीच्या यजमानांना मला मुद्दाम सांगायचंय की ‘कोर्टाची पायरी’ ही कल्पना आता जुनी झाली. २०१९च्या कायद्यानं सगळ्यांत मोठी सोय केली ती ही, की तक्रार दुकानदाराच्या गावी नव्हे, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे हिवरा आश्रमातल्या बाईंनी बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं, आणि दुकानदारानं आपल्या शहराहून उत्तर द्यायचं. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार घरबसल्या ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरही दाखल होते. मुलगा-मुलगी शिकलेली असतील तर एका संध्याकाळचं काम. मुदत दोन वर्षांची, पण दोन वर्षं आहेत म्हणून लोणचं घालू नका. पुरावा मोबाइलमध्ये असतो, आणि मोबाइल पाण्याच्या बादलीत पडायला मुहूर्त लागत नाही. आधी १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करावा. पुष्कळ दुकानदार तिथून विचारणा आली की ‘ताई, गैरसमज झाला’ म्हणत पैसे परत करतात.

मोठ्या ऑनलाइन बाजारातून मागवलं असेल तर २०२० सालचे वेगळे नियम आहेत. त्या कंपनीनं तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करायला हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायला हवी, आणि महिन्याच्या आत निकाल लावायला हवा. विकणारा कोण, त्याचा पत्ता काय, हेही तिथे दिसलं पाहिजे. कारण बाजार एकाचा आणि दुकान दुसऱ्याचं, असं तिथे असतं. तक्रार करताना दोघांचीही नावं घाला, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवण्याची सोय राहत नाही. सांगितलेल्या तारखेनंतर उशिरा आलेला माल परत घ्यायला विकणारा नकार देऊ शकत नाही, अपवाद फक्त पूर-वादळासारख्या संकटाचा. उत्सव संपल्यावर आलेल्या साडीसाठी हे कलम विसरू नका.

इंग्लंडातल्या बायका याबाबतीत आपल्यापेक्षा सुखी आहेत, असं म्हणायला हरकत नाही. तिथे २०१५ सालच्या ग्राहक हक्क कायद्यात साफच लिहून टाकलंय, की माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. ग्राहकानं हट्टानं स्वतःचाच वाहतूकदार लावला असेल तरच गोष्ट वेगळी. ज्यांच्याकडून १९३०चा कायदा उचलला त्यांनी आपला सुधारला. आपणही एक ओळ घालायला काय हरकत आहे?

आता दुसरी बाजू. या पत्राबरोबरच बुलढाणा जिल्ह्यातूनच बचतगटातल्या एका ताईंचं छोटं पत्र आहे. त्या कुरडया, ज्वारीचे पापड, मुगाचे सांडगे पुण्या-मुंबईला पाठवतात. एक दोन हजारांचा डबा हरवला आणि गिऱ्हाईक बाई पैसे परत मागतात. ‘आम्ही गरिबांनी का सोसायचं?’ असं त्या विचारतात. ताई, वाईट वाटतं, पण गिऱ्हाईक तुमच्यापुढे उभं आहे ते याच कायद्याच्या आधारानं. घरपोच म्हणून पैसे घेतलेत तर त्यांना डबा दुसरा पाठवा किंवा पैसे द्या. आणि तुमची वसुली कुरिअरकडून करा, कारण करार तुमचा त्याच्याशी आहे, त्या बाईंचा नाही.

पण कुरिअरकडून किती मिळेल? इथे पावतीच्या मागच्या बाजूची मुंगीएवढी अक्षरं आडवी येतात. १९९६ साली सुप्रीम कोर्टापुढे असाच खटला आला होता. कुरिअरनं जर्मनीला पाठवलेलं पाकीट पोचलं नाही, नुकसान चार लाखांच्या वर, आणि पावतीवर छापलेली मर्यादा होती शंभर डॉलर. कोर्टानं मर्यादाच मान्य केली, कारण सही करून दिलेली होती. रस्त्यावरच्या मालवाहतुकीचा २००७ सालचा कायदा कुरिअरलाही लागू आहे. त्याच्या नियमांप्रमाणे जास्त जोखमीचं भाडं भरलं नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच. म्हणजे ८० रुपये भाडं दिलंत तर मिळणार फार तर ८००. म्हणून किमती मालाची किंमत पावतीवर लिहायला लावा आणि जोखमीचं भाडं भरा. ते गिऱ्हाइकाकडून आधीच घ्या. तशी नोटीस लेखी द्यायची ती माल सोडल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत. तो दिवस चुकला की दावा गेला.

टपालखात्याची गोष्ट आणखी निराळी. १८९८ सालच्या कायद्यापासून सरकारनं टपालातल्या हरवाहरवीची जबाबदारी, स्वतः कबूल केली असेल तेवढी सोडून, घेतलेली नाही. त्या जागी २०२३चा कायदा आला तो जून २०२४ पासून लागू झाला, पण हे धोरण तेच राहिलं. तिथे भरवसा ठेवायचा तो विम्यावर. आणि साधं रजिस्टर आता वेगळं राहिलेलं नाही, ते २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा खिडकीवर ‘रजिस्टर करा’ म्हणून हुज्जत घालू नका.

पार्सल बांधतानाही काही गोष्टी कराव्यात. पत्त्याची एक चिठ्ठी आत, मालावर ठेवावी. बाहेरची भिजली, फाटली तरी आतली सापडते. पूर्वी आपण पार्सल मांजरपाटात शिवून लाखेचा शिक्का मारत होतो, त्यात हा फायदा होता की टाका उसवला तर लगेच कळे. आता निदान चिकटपट्टीवर सही करा आणि बांधलेल्या खोक्याचा, वजनकाट्याच्या आकड्यासह, फोटो काढून ठेवा. घेणारीनंही खोकं हातात आल्यावर पावतीवरचं वजन बघावं. साडीचं खोकं पिसासारखं हलकं लागलं तर उघडण्याआधी चार माणसांसमोर चित्रण सुरू करावं. पार्सल देणारा मुलगा मोबाइलवर आलेला आकडा आधी मागतो, तो खोकं हातात आल्याशिवाय सांगू नये. तो आकडा म्हणजे तुमची सही. आणि ‘घरी कोणी नाही, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेव’ असं तुम्हीच सांगितलंत, तर तिथे ठेवल्यावर माल तुम्हाला पोचला. पुढे दुकानातून गेला तर विकणाऱ्याला बोल लावता येणार नाही.

हिवरा आश्रमाच्या भगिनीनं दुकानदाराला पाठवायच्या पत्राचा मसुदा मागितला आहे. तो इथेच देते, म्हणजे इतरांनाही उपयोगी पडेल. मराठीतच लिहा, स्पीड पोस्टानं पाठवा, आणि तेच मोबाइलवरही टाका.

“आपल्याकडे अमुक तारखेला साडी मागवून ४,८५० रुपये भरले. त्यात घरपोच देण्याचे १५० रुपये आपण घेतले आहेत. मी कळवलेला पूर्ण पत्ता, तालुका आणि पिनकोडसह, आपल्याकडे आहे. आपण कुरिअरच्या पावतीवर तो अपुरा लिहिला. माल मला आजतागायत मिळालेला नाही. माल माझ्या घरी पोचवण्याची जबाबदारी आपली होती. तो मला मिळाल्याचा, माझ्या सहीचा पुरावा असल्यास दाखवावा. नसल्यास हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत संपूर्ण रक्कम परत करावी. न केल्यास बुलढाणा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन, आणि रकमेबरोबर व्याज, मनस्तापाची भरपाई व खर्च मागीन. सोबत: मागणीचा संदेश, पैसे भरल्याची नोंद, कुरिअर पावतीची छायाप्रत.”

खाली सही स्वतःची करा, यजमानांची नको. ग्राहक तुम्ही आहात. भिशीच्या पैशांचा उल्लेख पत्रात कुठेही लागत नाही.